इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की मायनस येतो, पण तो करतो काय?

खानापूरचा_बीएस्सी
बीएस्सीला क्वांटम चालू झालंय. सरांनी बोर्डावर लिहिलं की दोन इलेक्ट्रॉन अदलाबदल केले की वेव्ह फंक्शनची (ज्याच्या वर्गावरनं कण कुठं सापडायची शक्यता किती ते कळतं) साइन उलटी होते, आणि पुढं गेले. आता मोजायला मिळतो तो त्याचा वर्ग, मायनसचा वर्ग प्लसच की, मग मायनस असला काय नसला काय? आणि हेलियममधे दोघंही १एस या सगळ्यात खालच्या ऑर्बिटलमधेच असतात म्हणे, मग साइन कुठनं उलटणार? डोक्यात बसेना झालंय, सांगा की कुणीतरी.

निपाणीचा_पावणा
सोपं हाय की. बसमधे एका शीटवर एकच माणूस, तसं एका स्टेटमधे एकच इलेक्ट्रॉन. पाउलीचा नियम, १९२५. विषय कट.

टिळकवाडी_रिटायर्ड
पावणं, त्या बसनंच पोरं गंडतात. शीटवरचा माणूस दुसऱ्याला ढकलतो, इथं ढकलणारं बळ असं काही नाही, चार्जचं रिपल्शन ते वेगळंच.
खानापूरकर, कागद घ्या. फंक्शन असं लिहा: अ(१)ब(२) − अ(२)ब(१). अ, ब म्हणजे दोन स्टेट, १, २ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. आकडे अदलाबदल केले की सगळ्याच्या बाहेर मायनस येतो, तो वर्ग केला की निघून जातो, तुमचं बरोबर. पण दोन टर्मच्या मधला मायनस जात नाही ओ, वर्ग केला की क्रॉस टर्म वजा येते, आणि दोघं एकाच जागी धरले की सगळं शून्य. तिथं प्लस असता तर उलट एकत्र सापडायची शक्यता वाढली असती. अ आणि ब एकच असले तर फंक्शनच उरत नाही, झाला पाउली.
हेलियमचं म्हणाल तर साइन उलटते ती पूर्ण फंक्शनची, म्हणजे जागा गुणिले स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचाच गुण, अप किंवा डाउन). दोघंही १एस मधे म्हणून जागेचा भाग सिमेट्रिक, म्हणजे अदलाबदल केली तरी तसाच, म्हणून स्पिनचा भाग उलटावा लागतो: अप-डाउन वजा डाउन-अप. एक इलेक्ट्रॉन २एस मधे नेला की दोन वाटा होतात. स्पिन ट्रिप्लेट (अदलाबदलीत न उलटणारा) असेल तर जागेचा भाग अँटिसिमेट्रिक, म्हणजे उलटणारा, ती लेव्हल सगळ्यात खालच्या लेव्हलपासून १९.८२ इलेक्ट्रॉन व्होल्टवर, सिंगलेट (वरचा उलटणारा स्पिन) २०.६२ वर. ०.८ चा फरक, स्पिनच्या चुंबकी ओढाताणीनं एवढा येतच नाही, तो एक्स्चेंजचा, म्हणजे या अदलाबदलीच्या मायनसचा. १८९५ ला रुंगे आणि पाशेन या शास्त्रज्ञांना हेलियमच्या प्रकाशातल्या रेषांचे दोन संच (एक सिंगलेटचा, एक ट्रिप्लेटचा) दिसले तर त्यांना वाटलं दोन वायू मिसळलेत! हायझेनबर्गनं १९२६ ला कोडं सोडवलं.

खानापूरचा_बीएस्सी
आत्ता कळालं सर. पण इलेक्ट्रॉनलाच मायनस का, प्लस का नाही?

टिळकवाडी_रिटायर्ड
स्पिन अर्धा म्हणून. फोटॉनचा स्पिन १, त्याला प्लस. पाउलीनं १९४० ला हे सिद्ध केलं, पण त्याला रिलेटिव्हिटी लागते, बीएस्सीत गृहीत धरूनच चाला.

निपाणीचा_पावणा
बरं, बस मागं घेतली 😄 परीक्षेला मात्र स्लेटर डिटर्मिनंट (हेच फंक्शन डिटर्मिनंटच्या रूपात) करून जा, दोन कॉलम सारखे झाले की शून्य, हेच सगळं दोन ओळीत होतंय.