‘त्याला खेळायची आवडच नाही’ म्हणून दिव्यांग मुलाला पीटीच्या तासाला बसवून ठेवणं पटतं का?

शाळकरी_आई: मुलगा सहावीत, नेहमीच्याच शाळेत. नजर फार अधू. पीटीला तो कट्ट्यावर बसून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळतो. सर म्हणतात, आवडच नाही. हाच मुलगा घरी चेंडूला प्लॅस्टिकची पिशवी बांधून बहिणीशी खेळतो, नुसत्या सळसळीवर चेंडू अडवतो. ज्या चेंडूचा आवाजच येत नाही, त्यामागे तो कसा धावणार? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्या असं म्हटलंय.

मैदानकर: क्रीडाशिक्षक आहे. ताई, कायदा मान्य. पण ३५ मिनिटं, ६० मुलं आणि मी एकटा. खो-खोत कुणी आदळलं तर जाब मलाच विचारतात. अशा मुलांना वेगळा तास, वेगळा शिक्षक हवा. बरोबरीच्या मुलांत रोज हरून असेल तो उत्साहही जातो.

शाळकरी_आई: हरायला आधी खेळायला तर मिळू दे!

सह्याद्री७२: मुलांना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. १९७२, हायडेलबर्ग, पोहण्यात सुवर्ण, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. आपोआप उभारी येते.

विशेष_शिक्षिका: नाही हो येत. पेटकर १९६५च्या युद्धात जखमी होण्याआधीपासून सैन्यात बॉक्सिंग करत होते, खेळ अंगात मुरलेला होता. आमच्या मुलांच्या हाती कुणी कधी चेंडूच दिलेला नसतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा नसणं) असलेली एक मुलगी व्यायाम म्हटलं की मान फिरवायची. तिला बोचा हा चेंडूचा खेळ शिकवला. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. हाताने फेकता येत नसेल तर उतरत्या पन्हळीतून सोडायचा. आता पन्हळ केसभर डावीकडे हवी की उजवीकडे, यावरून ती माझ्याशी भांडते. संमेलनात सगळ्यांना सारखी पदकं वाटली, तर विचारते, ‘मग पहिली कोण?’ या मुलांना नुसत्या टाळ्या नकोत, चुरस हवी.

मैदानकर: तुमच्या वर्गात मुलं किती? ६० जणांत बोचा कसा घेऊ?

विशेष_शिक्षिका: बोचा नको, गोलबॉल घ्या. घुंगराचा चेंडू, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांना पट्टी. तिथे या ताईंचा मुलगा इतरांना भारी पडेल.

मैदानकर: सहा जण खेळले तरी उरलेल्या ५४ जणांकडे बघायला दुसरा माणूस लागतोच. तो द्या, मग बोला.

शाळकरी_आई: दुसरा माणूस येईपर्यंत माझा मुलगा दहावी होईल, सर. चेंडू मी आणून देते, तुम्ही आठवड्यातला एक तास द्या.