मदत हवी आहे: टोकियोत सेकंडहँड निकॉन लेन्स घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या कामासाठी टोकियोला जाणं ठरलंय. शेवटचा शनिवार-रविवार मोकळा आहे आणि तो मी मनातल्या मनात कॅमेऱ्याच्या दुकानांना देऊनही टाकलाय. (घरी अजून बोललेलो नाही, ते नंतर बघू.)

माझ्याकडे निकॉन झेड 5 आहे आणि सोबत आलेली 24-50 एमएमची किट लेन्स. मुलगी भरतनाट्यम शिकते. कार्यक्रमांना नाट्यगृहात प्रकाश जेमतेम असतो. 50 ला ही लेन्स एफ 6.3 च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), त्यामुळे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 12800 ला नेऊनही गिरकी घेताना हात फराटल्यासारखे येतात. 85 एफ 1.8 घेतली तर हिशेबाने जवळजवळ बारा पट प्रकाश मिळेल, म्हणून तीच घ्यायची असं पक्कं केलंय.

झेड माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जागा) नवी 85 खिशाला झेपणारी नाही. जुन्या एफ माउंटमध्ये दोन दिसतात: 85 एफ 1.8 डी आणि 85 एफ 1.8 जी. डी बरीच स्वस्त पडते. फोकल लेंथ तीच, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) तेच, मग जी साठी जादा पैसे का मोजायचे? अ‍ॅडॅप्टर लागेल एवढं माहीत आहे. शिवाय टॅक्स फ्री प्रकरण नक्की कसं चालतं, सेकंडहँड काच तपासायची कशी आणि परत येताना कस्टमवाले माझ्या जुन्या कॅमेऱ्याचंही बिल मागतील का, हेही सांगा.

प्रतिसाद 1

डी चा विचार आत्ताच सोडा. तिच्यात फोकसची मोटर नाही. जुन्या डीएसएलआरच्या बॉडीतली मोटर स्क्रूने ती लेन्स फिरवायची. तुमच्या झेड 5 मध्ये तशी मोटर नाही आणि एफ माउंटची लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही. डी लावली तर अ‍ॅपर्चर बॉडीवरून चालेल, फोटो येईल, पण फोकस हातानेच करावा लागेल. नाचणारी मुलगी, एफ 1.8 आणि हाताने फोकस... जमलं तर कळवा! जी ही एएफ-एस आहे, मोटर लेन्समध्येच. एफटीझेडवर तिचा ऑटोफोकस व्यवस्थित चालतो. जादा पैसे त्या मोटरचे.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत. तपासणीबद्दल लिहितो. आपली बॉडी आणि एफटीझेड सोबत न्या. अ‍ॅडॅप्टर नसेल तर दुकानात ट्रायलपुरता मागा. लेन्स हातात आली की मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. सरळ मारलात तर नुसती धूळ चमकते आणि उगाच घाबरायला होतं. थोडी धूळ चालते. कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर बुरशी, आणि पूर्ण काच दुधाळ वाटली तर हेझ. दोन्हींपैकी एक जरी असेल तरी नको म्हणा. मग मागची बारीक पट्टी बोटाने सरकवून सोडा. अ‍ॅपर्चरची पाती चटकन परत आली पाहिजेत. रेंगाळली किंवा तेलकट दिसली तर तीही नको. शेवटी दुकानाला विचारून एफ 1.8 ला लांबच्या पाटीचे फोटो घ्या, पाटी फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ (धूसर) येत असेल तर आतलं एखादं भिंग सरकलेलं असू शकतं.

दुकानं: शिंजुकुच्या पश्चिम बाजूला मॅप कॅमेरा. तिथून चुओ लाइनच्या रॅपिडने एकच स्टेशन, नाकानोला फुजिया. ‘जंक’ लिहिलेल्या टोपलीत हात घालू नका, त्या मालाची कसलीच हमी नसते.

प्रतिसाद 3

टॅक्सचं: तिथला कर 10 टक्के. एका दुकानात एका दिवशी कर सोडून किमान 5,000 येनची खरेदी हवी आणि मूळ पासपोर्ट हवा, झेरॉक्स चालत नाही. 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत दुकानातच कर वजा होतो. 1 नोव्हेंबर 2026 पासून आधी पूर्ण पैसे भरायचे, मग देश सोडताना कस्टमकडून नोंद करून परतावा घ्यायचा, तोही खरेदीपासून 90 दिवसांत. तेव्हा विमानतळावर वेळ हाताशी ठेवा. कार्डच्या मशीनवर ‘रुपये की येन’ असं आलं तर येनच निवडा, नाहीतर दुकानदाराच्या दराने रूपांतर होऊन कर वाचवलेला तिथेच जातो.

जुन्या कॅमेऱ्याचं: भारतातून निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बॉडी आणि लेन्सच्या सीरियल नंबरसकट. चेक-इनच्या आधी. तिथे घेतलेल्या लेन्सचं बिल जपा. वापरलेली असली तरी कस्टममध्ये तिची किंमत धरली जाते. आणि सुट्ट्या बॅटऱ्या हँडबॅगमध्ये.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. डी बाद, जी पक्की. आता एकच शंका: एफटीझेड सेकंडहँड घेतला तर चालेल का? त्यात काच नाही, मग तपासायचं काय?

प्रतिसाद 1

खुशाल घ्या. सोन्याच्या टिकल्यांसारखे संपर्क स्वच्छ आहेत ना बघा, लेन्स बसवल्यावर हलत नाही ना बघा, आणि एफ 8 ला दोन-चार फोटो काढा. अ‍ॅपर्चर हलवणारी छोटी यंत्रणा त्याच्याच पोटात असते. फोटो गरजेपेक्षा उजळ आले तर ती अडकते आहे समजा आणि दुसरा मागा.