शाराकुच्या नटचित्रांमागचं अभ्रक

शाराकु या जपानी चित्रकाराच्या लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचा फोटो काढला, की काबुकी (जपानी नाट्यप्रकार) नटांमागची पार्श्वभूमी नुसती करडी का दिसते? ती अभ्रकाची आहे. १७९४ मध्ये त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने काढलेल्या पहिल्या २८ चित्रांत गडद रंगासोबत सरस आणि अभ्रकाची पूड वापरली आहे. समोरून सपाट उजेड पडला की चमक मरते. दिवा बाजूला, कागदाशी तिरका ठेवा. मग ओतानी ओनिजी या नटाचे ते फाकलेले पंजे अंधारातून अक्षरशः पुढे येतात! सरस कमी पडला तर पूड झडते, म्हणून पृष्ठभागाला बोट लावू नका. कडांचे रंग रेषेबाहेर गेले असतील तर कारण वेगळं: ओलसर कागद छपाईदरम्यान वाळून आकसला, की कोपऱ्यातली ‘केन्तो’ खूण (प्रत्येक रंगाच्या ठशावर कागद त्याच जागी बसवण्यासाठीची) जुळूनही पुढच्या रंगाचा ठसा सरकतो.