मदत हवी आहे: पंच फितूर झाला तर सरकारी वकील पुढे काय करते?

मंडळी, मी दारव्हा तालुक्यातली. पहिलीच रहस्यकादंबरी लिहितेय, नायिका सरकारी वकील. खून २०२३ च्या उन्हाळ्यातला, म्हणून खटला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खालीच. नवा कायदा, भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासूनचा. इथवर जमलं.

अडलंय पंचापाशी, म्हणजे जप्तीच्या वेळी हजर राहून पंचनाम्यावर सही करणाऱ्या साक्षीदारापाशी. आरोपीने दाखवलेली कुऱ्हाड धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगातून निघते, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. कोर्टात पंच म्हणतो, "सही माहीच हाय, पण मी वावरात गेलोच नोतो."

न्यायाधीशांच्या परवानगीने ती त्याची उलटतपासणी घेईल, हे ठाऊक आहे. पण तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर जप्ती टिकवायची तर ती त्या अधिकाऱ्याला नेमकं काय विचारेल? सत्र न्यायालयात काम केलेल्यांनी कृपया सांगा. असे घाबरलेले पंच मी गावात पाहिलेत, त्यांचा प्रसंग खोटा लिहायचा नाही मला.