मातीचं खासगी धरण: मालकाचा मामला की खालच्यांचाही?

बांधमालक
वडिलांच्या वेळचं मातीचं धरण माझ्या जमिनीत आहे. उंची ५ मीटर, पाणी पसरतं २ हेक्टरवर, सरासरी खोली ३ मीटर. ३० वर्षांत माथ्यावरून एकदाही पाणी गेलेलं नाही. हल्ली काही मंडळी म्हणतात, असल्या लहान खासगी धरणांचीही नोंदणी आणि तज्ज्ञाकडून तपासणी सक्तीची करा. मला हे साफ नामंजूर आहे. मी रोज सकाळी बांधावरून चालतो. वर्षातून एकदा येऊन फॉर्म भरणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त काय दिसणार? बांधावर झाडं वाढलीत, मुळांनी माती घट्ट धरलीय. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळीही लावलीय. बोला आता.

ओढ्याकाठची
२ हेक्टर गुणिले ३ मीटर म्हणजे ६०,००० घनमीटर. वजनात ६०,००० टन. सुटलं तर तुमच्या कुंपणापाशी थांबेल का ते?
मी दुसऱ्या कुणाच्या अशाच बांधाखाली राहते. आमचे मालकही रोज फिरतात, पण माथ्यावरून. पायथा मला दिसतो, माझ्या मागच्या दारातून. भर उन्हाळ्यात सगळा उतार वाळलेला आणि खाली दोन हात रुंदीचा पट्टा हिरवागार, म्हणजे तिथे पाणी झिरपतंय! मालकांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, गुरांना चारा झाला.

निवृत्त ओव्हरसियर
जाळी वाचून दचकलो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, तेही खासगी, धनिकांच्या शिकार-मासेमारीच्या क्लबचं. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकानेच काढलेले, क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. माथा थोडा उतरवला आणि सांडव्यावर मासे अडवायला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खाली जॉन्सटाउन गावात २,२०९ माणसं गेली. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की उतार खरवडत जातो, मग थांबवणं कुणाच्या हातात नसतं.
झाडांचंही तुमचं उलटं आहे. मूळ मेलं की कुजतं आणि बांधात आयती नळी तयार होते. वादळात झाड उन्मळलं तर भरावाचा लचका घेऊनच पडतं. पण म्हणून आज कुऱ्हाड घेऊन सुटू नका. मोठं झाड तोडून बुंधा आत ठेवणं म्हणजे तीच नळी पुढच्या काही वर्षांसाठी पेरणं. पाणी उतरवून, मुळं काढून, खड्डा थराथराने माती चोपून भरायचा.

बांधमालक
ते धरण २२ मीटर उंच होतं हो. हत्तीच्या आजारावरून शेळीला औषध देताय.

निवृत्त ओव्हरसियर
मग १९७७ चं केली बार्न्स घ्या, जॉर्जिया राज्यातलं. तेही खासगी, उंची जेमतेम १२ मीटर. ६ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर फुटलं आणि ३९ जण गेले. तुमचं ५ मीटरचं फुटलं तरी नेहमीच्या सूत्रांनी सेकंदाला १०० घनमीटरच्या आसपास पाणी सुटू शकतं. ओढ्यात तेवढी जागा आहे का, ते मोजा.

सक्तीविरोधी
मालकांची बाजू एकदा तरी नीट मांडू द्या. उद्या सक्ती आली की खर्च मालकाच्या माथी. निम्मे लोक कागदावर ‘धरण नाही, शेततळं आहे’ असं लिहून मोकळे होतील. उरलेले बांध सोडून देतील. आणि बेवारस बांधाइतका धोकादायक बांध दुसरा नाही: सांडव्यात झुडपं, घुशींची बिळं, विचारायला कुणी नाही. बांधमालक निदान रोज तिथे आहेत. त्यांना शिकवा, धमकावू नका.

कलमबहाद्दर
कायदा आधीच आहे, फक्त रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढलीय. भारताचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. इंग्लंडचा १९७५ चा कायदा उंची बघतच नाही, जमिनीच्या वर किती पाणी साठतं ते बघतो, आणि तिथली रेघ २५,००० घनमीटरची. तेव्हा हेच धरण इथे सुटतं, तिथे सापडतं. दोन्हींत खाली घरं किती हा पहिला प्रश्न नाही, हे मला खटकतं.
आणि ‘माझी जमीन’ म्हणाल तर १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटला तलावाचाच. तलाव एका गिरणीवाल्याचा. पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. स्वतः हलगर्जी केली नव्हती तरी मालकालाच भरपाई द्यावी लागली.

सक्तीविरोधी
भरपाई नंतरची. आधीचं बोला. एवढी भीती असेल तर आठवड्यात तळं रिकामं करून टाकावं, विषय संपला.

निवृत्त ओव्हरसियर
अजिबात नको! पाणी झपाट्याने उतरलं की आतल्या बाजूची भिजलेली माती टेकू गेल्यासारखी घसरते. दिवसाला वीतभर, फार तर फूटभर.
बांधमालक, एक करा. पायथ्याशी पाझर असेल तिथे बादली लावा, किती वेळात भरते ते लिहून ठेवा. मग ती भरलेली बादली रात्रभर हलवू नका, माती असली तर तळाशी बसेल. पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो, त्याचं काही नाही. तो माती घेऊन येतोय का, एवढंच बघायचं.

बांधमालक
(दोन दिवसांनी) जाळी काढली. १० लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली. पाणी नितळ दिसलं म्हणून तुम्हाला खोटं पाडायच्या आनंदात होतो. सकाळी पाणी ओतून तळाला बोट फिरवलं, तर बोटाला लागण्याइतकी बारीक माती.

निवृत्त ओव्हरसियर
पाझर मोकळ्या उतारातून आहे की बांधातून जाणाऱ्या नळाच्या कडेने?

बांधमालक
नळाच्या कडेने.

निवृत्त ओव्हरसियर
मग बांध आतून पोखरला जातोय, नोंदणीचं भांडण नंतर करू. पाणी उतरवायला आजच घ्या, सायफनने, सावकाश. मातीच्या धरणांचा जाणकार इंजिनियर बोलवा. पाझर वाढला किंवा गढूळ झाला तर रात्र असली तरी खालच्यांना उठवा.

ओढ्याकाठची
उठवायचं कुणाला, त्यांचे फोन नंबर आहेत का तुमच्याकडे?

बांधमालक
नाहीत. संध्याकाळी घरोघर जाऊन घेतो. सक्तीला विरोध आहेच.