अनुभव धागा: फोनने न दाखवलेली बाजू तुम्हांला कोठे भेटली?

आपण कशापाशी थांबतो आणि काय वगळतो, यावरून समाजमाध्यमे आपल्यापुढचा मजकूर निवडतात. गूगलने डिसेंबर २००९ पासून शोधाचे निकालही सर्वांसाठीच व्यक्तीनुसार बदलायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये एली पॅरिसर यांच्या पुस्तकामुळे, आपल्याला आवडेल तेवढेच दिसत राहण्याच्या या स्थितीला ‘फिल्टर बबल’ हे नाव रूढ झाले. येथे तत्त्वचर्चेपेक्षा प्रसंग हवे आहेत. मत बदललेच असले पाहिजे, अशी अट नाही.

पुणे, नोकरदार
डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा माझ्या फोनवर केवळ महागाईच्या चित्रफिती येत होत्या. निफाड तालुक्यात कांदा पिकवणारा माझा मामेभाऊ त्या सुमारास एका लग्नासाठी आला होता. त्याने वाद घातला नाही; बाजार समितीतील विक्रीची पट्टी काढली आणि बियाणे, मजुरी, गाडीभाडे असा खर्च तिच्याशेजारी मांडून दाखवला. त्या हंगामातील लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत फार काळ टिकत नाही, त्यामुळे भाव कोसळला तरी तो विकावाच लागतो, ही साधी गोष्ट मी पाहिलेल्या एकाही चित्रफितीत नव्हती. निर्यातबंदीला माझा आजही सरसकट विरोध नाही. मात्र ती कोणत्या पिकाच्या तोंडावर येते, हे मी आता आधी पाहतो.

निफाड तालुका, शेतकरी
आमच्याकडचे चित्र याच्या उलट, पण तितकेच एकांगी असते. लासलगाव आणि पिंपळगावचे लिलाव, निर्यातीच्या वावड्या आणि शहरवाल्यांना कांदा फुकट हवा असतो अशी भाषणे, एवढेच आमच्या फोनवर येते. माझी बहीण नाशिकला खानावळ चालवते. महिन्याच्या डब्यांचा दर आधीच ठरलेला असल्यामुळे कांदा महागला की वाढीव खर्च तिच्याच अंगावर पडतो, हे तिने सांगेपर्यंत माझ्या हिशेबात ग्राहक नव्हताच. भाव मला हवाच आहे, तो मी सोडणार नाही. पण त्या भाषणांना आता माझ्याकडून टाळी मिळत नाही.

मुंबई, सेवानिवृत्त
माझा अनुभव वेगळा आहे. मी विरुद्ध मताची खाती मुद्दाम पाहू लागलो, तर त्या बाजूची सर्वांत चिडकी माणसेच पुढे आली आणि माझे मत आणखी घट्ट झाले. अमेरिकेतील ट्विटर वापरणाऱ्यांवरचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही महिनाभर विरोधी संदेश पाहिलेले रिपब्लिकन पक्षाचे समर्थक अधिकच परंपरावादी झाल्याचे आढळले होते. वरच्या दोघांना नात्यातली माणसे भेटली, मला घोषणा भेटल्या.

धुळे जिल्हा, शिक्षिका
व्हॉट्सॲपच्या गटात कोणाला घ्यायचे, हे आपणच ठरवतो. तेथील कुंपण आपले स्वतःचे असते. जुलै २०१८ मध्ये साक्री तालुक्यातील राईनपाड्यात व्हॉट्सॲपवर पसरलेल्या अफवांमुळे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या, भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात भारतात व्हॉट्सॲपवर एक संदेश एका वेळी पाच जागीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. आमच्या पालकगटात मात्र फरक पडला तो भटक्या समाजातील एक पालक त्यात आल्यावर. नव्या गावात पाल टाकण्यापूर्वी आपण पोलीस पाटलांना ओळखपत्र दाखवतो, हे त्यांनी शांतपणे लिहिले. एकाने त्यावरही शंका घेऊन गट सोडला. बाकीचे आता अनोळखी माणसाचे छायाचित्र गटात टाकण्याआधी या पालकांना विचारतात.