घरातले किडे हाताने शूट करताना सगळं ब्लर येतंय, काय चुकतंय?

गॅलरीतली_बाग
नमस्कार मंडळी, नाशिकला गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरीत पंधरा-वीस कुंड्या आहेत आणि यंदा पावसात त्यांच्यावर इतके किडे आलेत की घरचे म्हणतात फवारणी कर आणि मी कॅमेरा घेऊन बसते. कॅननचा जुना डीएसएलआर आहे, सोबतची १८-५५ किट लेन्स, मॅक्रो लेन्सचं बजेट नाही म्हणून रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवायची कडी) मागवली आणि लेन्स उलटी लावून फोटो काढतेय. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी आहे, आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसायची, आता हिरवीगार झालीय, जरा धक्का लागला की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते. तेवढा एक फोटो मला हवाय. शंभरेक काढले, एकही धड नाही. पाय शार्प तर तोंड गेलेलं, नाहीतर नुसतं पान शार्प. ट्रायपॉडला गॅलरीत जागा नाही आणि लावेपर्यंत अळी पुढच्या पानावर. शटर १/२०० ठेवलं की फोटो काळा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० केला की दाणेच दाणे. माझे हातच थरथरतात का? एकांनी सांगितलं किडा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव मग हलत नाही, मला ते पटत नाहीये पण विचारून घेते.

मॅन्युअल_मोड
ताई हात कोणाचेही थरथरतात, त्याचं एवढं मनावर घेऊ नका. खरी गोम वेगळीच आहे. कॅननची लेन्स उलटी लावली की कॅमेऱ्याशी तिचा संपर्क तुटतो आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) पूर्ण उघडं राहतं, म्हणजे तुम्ही नकळत ५५ वर एफ ५.६ लाच शूट करताय. एवढ्या जवळून त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच फोकसमध्ये येतं, तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी तेवढं सरकता.
उपाय असा, लेन्स आधी सरळ लावा, एव्ही मोडला (ॲपर्चर आपण ठरवायचा मोड) एफ ११ करा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (ॲपर्चर मिटवून किती भाग फोकसमध्ये येतो ते दाखवणारं) बटण दाबून धरा आणि ते दाबलेलं असतानाच, कॅमेरा चालू ठेवून, लेन्स फिरवून काढा. ॲपर्चर ११ लाच अडकून राहतं, मग उलटी लावा. काही बॉडीवर हे वेगळं बटण नसतं, तिथे कस्टम फंक्शनमध्ये जाऊन सेट बटणाला ते काम देता येतं. आता साधारण एक मिलिमीटर तरी हाताशी येईल. १६, २२ वर जायचा मोह होतो पण जाऊ नका, १:१ ला (सेन्सरवर किडा खऱ्या मापाचा येतो तेव्हा) एफ ११ हे जवळपास एफ २२ सारखं वागतं, अजून बंद केलंत की डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरतो त्याने) सगळंच मऊ पडतं.
अजून एक, उलट्या लेन्सला झूमही उलटा चालतो, १८ कडे गेलात की किडा मोठा दिसतो. सुरुवातीला ५५ वरच रहा. आणि लेन्सची मागची काच आता बाहेर उघडी आहे, पावसाचे शिंतोडे सांभाळा.

द्राक्षबाग_दिंडोरी
मला कॅमेऱ्यातलं फार कळत नाही पण बागेत थ्रिप्स आणि लाल कोळी हे बारीक किडे बघायला रोज भिंग वापरतो, त्यावरून सांगतो. नवीन पोरगं भिंग एका हातात लांब धरतं, पान दुसऱ्या हातात, दोन्ही हलतात आणि म्हणतं काही दिसत नाही. जुना माणूस भिंग डोळ्याला टेकवतो, कोपरं बरगडीला लावतो, आणि पान धरलेला हात भिंगाच्या हाताला टेकवून पान पुढे आणतो. मग हललं तरी सगळं एकत्रच हलतं. तुम्ही पण तसंच करा, डाव्या हाताने फांदी धरा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवा. वाऱ्याचाही त्रास निम्मा होतो.

मॅन्युअल_मोड
काका एकदम बरोबर, हेच सांगायचं राहिलं होतं. टेकवलं की फोकस रिंगला हात लावू नका, उलट्या लेन्सवर तिचा फारसा उपयोग नाही. अख्खा कॅमेरा केसभर पुढे-मागे करा आणि डोळा शार्प दिसला की दाबा, तसे पाच-सहा सलग घ्या.

बटर_पेपर
उजेडाचं कोणीच बोललं नाही, आणि निम्मं काम तर तिथेच आहे. एफ ११ ला घरात उजेड पुरणारच नाही, फ्लॅश लागतोच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चालतो पण लेन्स किड्यापासून जेमतेम दोन-तीन बोटांवर असते, तिचीच सावली पडते. मी चिप्सचं पाकीट कापून आतली चंदेरी बाजू वर लावलीय, ती फ्लॅशचा उजेड खाली वळवते, आणि लेन्सच्या पुढे, फ्लॅश आणि किड्याच्या मध्ये, दोन पदरी बटर पेपर. तो जितका मोठा आणि जितका किड्याजवळ तितका उजेड मऊ, नाहीतर चकचकीत पाठीच्या भुंग्यावर पांढरा ठिपका येतो आणि रंग मरतो. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलला कमीत कमी. कमी पॉवरला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो, हाताची थरथर तोच गोठवतो, शटर नाही.
आणि फ्रीजचं अजिबात ऐकू नका. तो जीव आहे, फोटोसाठी त्याला थंडीत कोंडायचं नाही. पहाटे सहा-साडेसहाला उठा, गारव्यात किडे आपोआप सुस्त असतात, नाशिकच्या डिसेंबरात तर ऊन अंगावर येईपर्यंत जागचे हलत नाहीत. शिंगांसाठी अळीला सारखी डिवचू पण नका, ती घाबरून शिंगं काढते.

गॅलरीतली_बाग
ॲपर्चरचंच होतं!! बटण दाबून लेन्स काढली, उलटी धरून आत बघितलं तर पाती खरंच मिटलेली दिसली. आज सकाळी कुंडीशेजारी मांडी घालून बसले, डाव्या हातात फांदी, मनगटावर लेन्स. चाळीसात सहा चांगले आलेत. शिंगांचा नाही आला, मी डिवचलंच नाही, पण ती पान खाताना आलाय, कडेपासून अर्धगोल कुरतडत नेते आणि जबड्याशी हिरवा रस चमकतोय, नुसत्या डोळ्यांनी हे मला कधी दिसलंच नव्हतं. फवारणी बंद म्हणून घरी सांगून टाकलंय. काका, बागेत लाल कोळी सापडला तर एक पान पिशवीत घालून ठेवाल का, रविवारी दिंडोरीकडे यायचंय.

द्राक्षबाग_दिंडोरी
या की. पण पान तोडून ठेवलं की सुकतं, वेलीवरच बघा. सात वाजता या, ऊन चढायच्या आत.